खोल समुद्रातले पक्षी कसे बघावेत: इंजिनरूममधल्या माणसाची पद्धत

मी पक्षी बघायला लागलो ते पक्ष्यांच्या ओढीनं नव्हे, कानांना विश्रांती हवी म्हणून. मालवाहू जहाजावर फोर्थ इंजिनिअर होतो, आठ ते बाराची वॉच, म्हणजे पाळी. चार तास मुख्य इंजिनाच्या दणदणाटात काढून वर आलो की इअर मफ काढल्यावरही डोक्यात इंजिन चालूच असायचं. मग जेवायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं जहाजाच्या मागच्या मूरिंग डेकवर, दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसून राहायचो. केप ऑफ गुड होप ओलांडून पूर्वेला निघालो होतो तेव्हाची गोष्ट. मागे एक पांढरा, अवाढव्य पक्षी येत होता. काही वेळानं लक्षात आलं की गडी पंखच हलवत नाहीये. घड्याळ लावलं. सात मिनिटं झाली, एकदाही फडफड नाही. आमचं इंजिन दिवसाला तीसेक टन तेल पीत होतं आणि हा फुकटात बरोबरीनं चालला होता. इंजिनिअर माणसाला अशा गोष्टीचा आधी राग येतो. माझी सुरुवात अशी झाली.

पुढे जहाजं बदलली, हुद्दे बदलले, बॉयलर सूटच्या खिशातली दुर्बीण राहिली. नोकरी संपल्यावर छोट्या बोटींतून पक्षी बघायला जाणाऱ्यांबरोबरही बरंच हिंडलो. नवीन माणसं ज्या चुका करतात त्या सगळ्या मी त्यांच्या आधी करून बसलोय, म्हणून हे लिहितोय.

कोणत्या पक्ष्यांबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. बंदरात घिरट्या घालणारे कुरव यात नाहीत. हे ते पक्षी, जे जमिनीवर येतात ते फक्त अंडं घालून पिल्लू वाढवायला, आणि बाकी आयुष्य पाण्यावर किंवा पाण्याच्या वर काढतात. अल्बट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल ही त्यातली मुख्य बिरादरी. या सगळ्यांच्या चोचीवर नाकपुड्यांच्या नळ्या असतात. त्यांच्या जोडीला बूबी, फ्रिगेट, ट्रॉपिकबर्ड, स्कुआ आणि काही जातींचे सुरय.

आधी वारा बघा

डेकवर आल्यावर दुर्बीण उचलायच्या आधी वारा कुठून येतोय आणि किती आहे ते बघा. हे पक्षी वाऱ्यावर चालतात, अगदी यंत्र वाफेवर चालावं तसे.

त्या अल्बट्रॉसची युक्ती समजायला मला दोन ट्रिपा लागल्या. पाण्याला घासून जाणारा वारा मंद असतो, दहा-पंधरा मीटर वरचा जोरात. पक्षी लाटेच्या खोलगटातून वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो. जितका वर जाईल तितका समोरचा वारा वाढत जातो, त्यामुळे चढताना जो वेग कमी व्हायला हवा तो हवेच्या हिशेबात टिकून राहतो. वर पोचला की कुशीवर वळतो, वारा पाठीशी घेऊन खाली झेपावतो, पाण्याजवळच्या मंद हवेत शिरतो आणि पुन्हा वळून चढतो. प्रत्येक फेरीत वाऱ्याकडून थोडी ऊर्जा वसूल. खांद्यात एक स्नायुबंध असतो, तो पसरलेला पंख जागच्या जागी धरून ठेवतो, म्हणजे पंख ताणून ठेवायलाही कष्ट नाहीत. वॉन्डरिंग अल्बट्रॉसचे पंख साडेतीन मीटरपर्यंत पसरतात. आजच्या जगात यापेक्षा लांब पंखांचा पक्षी नाही. फ्रेंच शास्त्रज्ञांनी दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या या पक्ष्यांवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवून १९९० मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा एकेका फेरीत ३,६०० ते १५,००० किलोमीटर अंतर निघालं. फेरी कसली, तर घरट्यातला जोडीदार अंड्यावर बसलेला असताना खाणं शोधायला केलेली.

बघणाऱ्याला याचा उपयोग असा. वारा पडला की अल्बट्रॉस पाण्यावर बसून राहतात, उडताना दिसणारच नाहीत. उलट वाऱ्याचा जोर वाढला की तेच शिअरवॉटर, जे काल सारखे पंख मारत होते, ते आज कमानी काढत जातात आणि तुम्ही त्यांना वेगळीच जात समजता. मी एका आठवड्यात एकाच जातीची तीन नावं लिहून ठेवलेली वही अजून जपून ठेवली आहे. म्हणून उडण्याची ढब लिहिताना शेजारी वारा लिहायचाच.

कुठे उभं राहायचं

मोठ्या जहाजावर दोन जागा चांगल्या. मागचा डेक आणि ब्रिजची (जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीची) उघडी बाजू, म्हणजे विंग. मागे घुसळलेल्या पाण्यावर जहाजाचा पाठलाग करणारे येतात. विंगवरून पुढचं दिसतं: जहाजाच्या नाकाला बिचकून उडणारे पक्षी, आणि उष्ण समुद्रात उडणारे मासे पकडायला टपलेले बूबी. प्रवासी असाल तर ब्रिजवर जायचं नाही, पण पुढच्या बाजूचा उघडा डेक मिळाला तर सोडू नका. सूर्य पाठीशी राहील ती बाजू घ्या. बाकी कुठलाही नियम याच्यापुढे दुय्यम.

उंचीचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. डोळे पाण्यापासून २५ मीटर वर असले तर क्षितिज जवळजवळ १८ किलोमीटरवर असतं. छोट्या बोटीत डोळे तीन मीटरवर, तर क्षितिज फक्त सहा किलोमीटरवर. उंचावरून जास्त पक्षी दिसतात, पण पाठी दिसतात. छोट्या बोटीतून कमी दिसतात, पण पोट आणि पंखांची खालची बाजू दिसते, आणि ओळख बहुतेक तिथेच असते.

छोट्या बोटीत जाणार असाल तर बोट कुठे जाते ते विचारून घ्या. समुद्राचा तळ किनाऱ्यापासून हळूहळू उतरत जातो आणि साधारण २०० मीटर खोलीच्या आसपास एकदम घसरतो. त्या कडेला खालचं थंड, सकस पाणी वर येतं, मासे जमतात आणि पक्षीही. त्याच्या अलीकडे दिवसभर फिरून आलात तर किनाऱ्याचेच पक्षी बघून याल. पलीकडे गेल्यावरही नुसत्या निळ्या पाण्यात डोळे फोडू नका. पाण्याचा रंग जिथे बदलतो ती रेघ, फेसाचा आणि शेवाळाचा लांब पट्टा, तरंगता ओंडका, डॉल्फिनचा कळप, जाळं ओढणारी बोट, यांच्याकडे लक्ष ठेवा. ओंडक्यावर ब्रायडल्ड सुरय उभा असतो, बसस्टॉपवर उभं असावं तसा.

बोट लागण्याबद्दल दोनच वाक्यं. औषध घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर त्याचा उपयोग नाही. बोटीच्या मधोमध, धुराच्या वाऱ्यात न येता उभे राहा आणि मळमळायला लागताच दुर्बीण खाली ठेवून क्षितिज बघा. मोबाईलकडे बघितलंत तर मी जबाबदार नाही.

बघायचं कसं

दुर्बीण सात किंवा आठ पटींची घ्या. दहा पटींची दुकानात छान वाटते, डोलणाऱ्या डेकवर पक्ष्याऐवजी स्वतःच्या हाताचा थरकाप दाखवते. माझी जुनी ७×५० होती, जड, पण जहाज कितीही लोळलं तरी चित्र डोळ्यातून निसटत नसे.

आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजाच्या थोडं खाली, डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवा. पक्षी दोन सेकंद दिसतो आणि लाटेमागे जातो. नवशिका तिथेच बघत राहतो जिथे तो गेला. तो तिथून वर येत नाही. त्याची दिशा पकडा आणि दोन-तीन लाटा पुढे दुर्बीण धरून थांबा. दुसऱ्याला दाखवताना जहाजाचं नाक म्हणजे बारा, शेपटी म्हणजे सहा, असं घड्याळ धरा: “चार वाजता, क्षितिजाच्या खाली, डावीकडे चाललाय.” “तो बघा, तो बघा” ओरडणाऱ्या माणसामुळे कोणालाही कधी पक्षी दिसलेला नाही.

बोटीवरून माशाच्या तेलाचे थेंब सोडायची परवानगी असेल तर गंमत बघा. तेलाचा तवंग पसरला की सगळे बोटीच्या आसपास बघत बसतात. तुम्ही वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला बघा. या पक्ष्यांचं नाक विलक्षण तिखट असतं. वास वाऱ्याबरोबर लांब जातो आणि पक्षी त्या वासाचा माग काढत वाऱ्याच्या विरुद्ध येतात. एरवी ते अशाच वासावर खाणं शोधतात: सूक्ष्म वनस्पतींना झिंगे-किडे खायला लागले की पाण्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो, आणि कित्येक पेट्रेलना तोच जेवणाची घंटा असतो.

चालीवरून ओळख

आता मुख्य काम. पुस्तक खिशात राहू द्या. रंग, चोच, पायांचा रंग हे सगळं नंतर. आधी हा उडतो कसा, एवढंच स्वतःला विचारा. ओळखीचा माणूस आपण लांबून चालण्यावरून ओळखतो, चेहरा दिसायची वाट बघत नाही. तसंच.

पंख ताठ, हालचाल नाही, क्षितिजाच्या वर चढून पुन्हा खाली येणारी मोठी सुस्त कमान: अल्बट्रॉस. तेवढाच मोठा, पण पाठीला पोक, मधूनच जडपणे पंख मारणारा आणि चोच फिकट, जाडजूड: तो जायंट पेट्रेल. मी वर्षभर त्याला अल्बट्रॉस म्हणत होतो. जवळ आला तर चोच बघा. जायंट पेट्रेलच्या चोचीवर जोडलेली नळी असते, बंदुकीच्या दुनळीसारखी. अल्बट्रॉसच्या नळ्या चोचीच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या.

चार-पाच भराभर फटके, मग ताठ पंखांवर घसरत जाणं, एकदा पोट दाखवायचं, एकदा पाठ, आणि खालच्या पंखाचं टोक पाणी कापतंय असं वाटायचं: शिअरवॉटर. नावच त्यावरून पडलंय. यातला सूटी शिअरवॉटर न्यूझीलंडहून निघून पॅसिफिकभर आठाच्या आकड्यासारखा फिरून घरी परततो; २००६ साली छापलेल्या अभ्यासात वर्षाचा प्रवास सरासरी ६४,००० किलोमीटर भरला, आणि बुडी ६८ मीटरपर्यंत. इतकं करून दिसायला मात्र साधा काळपट.

शिअरवॉटरसारखाच, पण मनगटात पंख मुडपलेला, आणि वारा असला की गोफणीतून सुटल्यासारखा क्षितिजाच्या खूप वर जाऊन उलटा होणारा असेल, तर तो टेरोड्रोमा गटातला पेट्रेल. हे जहाजाची पर्वा करत नाहीत. एकदा दिसतात आणि गेले.

शरीर दोन्हीकडे टोकदार, सिगारसारखं, एकसारखे फटके आणि मधूनच वरून सरळ पाण्यात सूर: बूबी. पांढरा, कबुतरासारखे घाईचे फटके, शेपटीला लांब दोऱ्या, आणि मुद्दाम जहाजावर येऊन वर घिरटी घालून तुम्हाला न्याहाळून जाणारा: ट्रॉपिकबर्ड. खलाशी त्याला बोसन बर्ड म्हणतात; बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आमच्या बोसनला हे सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे त्यालाही दुसऱ्यांचं काम तपासायची सवय आहे.”

मोठा, काळा, लांब दुभंगलेली शेपटी, उंचावर न हलता टांगलेला: फ्रिगेट. हा समुद्रपक्षी असून पाण्यावर बसत नाही, पिसं भिजतात. गॅलापागोसच्या ग्रेट फ्रिगेटवर केलेल्या, २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात हे पक्षी उडता उडता झोपतात, तेही दिवसाला सरासरी ४२ मिनिटं, असं दिसलं. वॉचवरच्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. दुसऱ्याच्या तोंडचा मासा पळवायला त्याच्या मागे लागलेला तपकिरी, दांडगा पक्षी दिसला तर स्कुआ धरा. फ्रिगेटही हेच करतो, पण त्याची शेपटी लपत नाही.

आणि माझा लाडका, स्टॉर्म पेट्रेल. मी आपला वादळी पाखरू म्हणतो. एवढासा, काळा, वटवाघळासारखा किंवा फुलपाखरासारखा लाटांच्या खोबणीतून जाणारा. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल मागच्या डेकवरून नीट बघता येतो, तो जहाजामागे येतो. वजन ३५ ते ४० ग्रॅम. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या बेटांवर पिल्लं वाढवतो आणि मग विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो. खात असताना तो वाऱ्याकडे तोंड करतो, पंख वर इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरतो, आणि लांब पाय खाली सोडून पाण्यावर टपटप पावलं टाकतो. पतंग जसा दोरीवर उभा राहतो तसा तो पायांच्या आधारानं वाऱ्यावर उभा असतो, फक्त चोच तेवढी काम करते. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, तो बाजूला खालपर्यंत उतरलेला. उडताना पाय शेपटीच्या मागे डोकावतात. पाय डोकावत नसतील आणि शेपटी दुभंगलेली असेल तर लीचेस स्टॉर्म पेट्रेल असू शकतो. बोटांमधला पिवळा पडदा पुस्तकात ठळक असतो. मला तो खरोखर दिसायला अकरा वर्षं लागली.

रंगावर लगेच विश्वास का ठेवायचा नाही, तर उन्हात काळ्या पंखाची खालची बाजू चांदीसारखी चमकते आणि सूर्य समोर असला की पांढरा पक्षीही काळा दिसतो. झिजलेली पिसं तपकिरी होतात. वॉन्डरिंग अल्बट्रॉसचं पिल्लू समुद्रावर येतं ते गडद तपकिरी अंगानं आणि पांढऱ्या तोंडानं. मग वर्षानुवर्षं हळूहळू पांढरं होत जातं. एका पक्ष्याचे दहा अवतार. केप पेट्रेल तेवढा अपवाद: पाठीवर काळ्या-पांढऱ्या चौकटी, बुद्धिबळाचा पट. त्याला कोणीही ओळखतं. ढगाळ दिवस फोटोला वाईट, पण रंग बघायला सगळ्यात चांगला. फोटो काढायचाच तर शटर एका सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहून जलद ठेवा आणि वरची, खालची अशी दोन्ही बाजू मिळेपर्यंत दाबत राहा. धूसर फोटोवरून ओळख पटते, सुंदर फोटोवरून नेहमी पटतेच असं नाही.

वही

तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, वारा, पक्ष्यांची संख्या, कुठल्या दिशेनं चालले होते. मोबाईलचा जीपीएस नेटवर्क नसतानाही स्थान देतो. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, लिहा. माझ्या पहिल्या चार वह्यांत जहाजाची वेळ आहे. आम्ही पूर्वेला जाताना दर दोन-तीन दिवसांनी घड्याळ तासभर पुढे करायचो, आणि कुठल्या रात्री केलं ते मी लिहिलेलं नाही. चार वह्या, शेकडो नोंदी, आणि पक्षी नेमका कुठे होता ते कोणी सांगू शकत नाही.

शून्यही लिहा. उष्ण कटिबंधात महासागराच्या मध्यावर सलग तीन दिवस एक पक्षी दिसत नाही, आणि “पाहिलं, दिसला नाही” ही नोंदच असते. नाव न कळलेल्या पक्ष्यापुढे नाव ठोकून देऊ नका. “काळा शिअरवॉटर, चोच फिकट, वारा जोरात” एवढं पुरे. कसंतरी एक चित्र काढा. माझ्या चित्रांतले पक्षी विमानासारखे दिसतात, पण पांढरा डाग कुठे होता ते कळतं.

रात्री डेकवर पक्षी सापडला तर

धुकं किंवा अमावास्येची रात्र आणि डेकचे दिवे चालू असले की पेट्रेल, शिअरवॉटरसारखे पक्षी दिव्याकडे येऊन आपटतात. मला पहिला सापडला तो विंचमागे, तेलाच्या डागाशेजारी. गुडघे टेकल्यासारखा बसला होता. पाय मोडले असं समजून मी काठीच्या कपच्या बांधायला निघालो होतो. पाय शाबूत होते. त्यांचे पाय पोहायला आणि बीळ उकरायला केलेले असतात, अंग तोलून उभं राहायला नाही. ते असेच बसतात.

आधी एक बघा: पक्षी थरथरत असेल, मान वाकडी असेल, किंवा आसपास मेलेले पक्षी असतील तर हात लावू नका. २०२१ पासून पसरलेल्या बर्ड फ्लूनं समुद्रपक्षीही मारले आहेत. धडधाकट दिसला तर हातमोजे घाला, कोरडं फडकं टाकून पंखांसकट उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि अंधारात, शांत जागी राहू द्या. खायला-प्यायला काही देऊ नका. साबणानं धुवू तर अजिबात नका. तेलानं माखला असेल तर ते काम शिकलेल्या माणसांकडेच द्यावं लागतं. त्यानं लालसर तेल ओकलं तर समजा की तब्येत ठीक आहे, तुम्ही आवडला नाहीत.

टॉर्चच्या मंद उजेडात मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. चोचीच्या टोकाला एक थेंब जमायचा, मान झटकली की उडायचा. पुन्हा जमायचा. मला वाटलं सर्दी झालीय. ते मीठ होतं. डोळ्यांच्या वर ग्रंथी असतात, त्या रक्तातलं मीठ गाळून समुद्राच्या पाण्याहून खारट थेंब नाकावाटे बाहेर टाकतात. खाली इंजिनरूममध्ये समुद्राचं पाणी गोडं करायला एक अख्खं यंत्र होतं, आणि त्याच्या सफाईत माझा निम्मा महिना जायचा. याचं यंत्र वाटाण्याएवढ्या जागेत बसलेलं.

पिसं कोरडी झाली की काळोखातच सोडा. ब्रिजला सांगून डेकचे दिवे बंद करून घ्या (दिशादर्शक दिव्यांना हात लावायचा नाही, ते कायद्यानं लागतात). वाऱ्याच्या आडोशाची बाजू निवडा, रेलिंगच्या बाहेर हात काढून तळवा उघडा धरा. हवेत भिरकावू नका. तो मिनिटभर बसून राहील, दोन मिनिटंही बसेल. घाई करू नका. जातो तेव्हा आवाज होत नाही, हात किंचित हलका झाल्याचं कळतं, बस. मग आठवणीनं दिवे परत लावायला सांगा, नाहीतर सकाळी बोसन बोलतो. आणि ते फडकं टाकून द्या. मी धुवून कपाटात ठेवलं होतं. त्याच्या अंगाचा तो जुनाट, तेलकट वास पुढच्या बंदराला काय, पुढच्या काँट्रॅक्टलाही माझ्या शर्टांना येत होता.